खालची नळी

मिटन क्रीक स्टेशन, कोलोरॅडो
१५ ऑक्टोबर २००६

देवदत्त,

मायन्यात 'प्रिय' लिहिणार होते, पण जाताना तू दार ज्या जोरात आपटलंस त्यानंतर तो शब्द हाताला येईना. राग आता निम्मा उतरलाय. उरलेल्या निम्म्यासाठी नुसतं नाव.

ईमेल का नाही, असं विचारशील. ईमेलला तू 'ओके' म्हणून मोकळा होतोस. पत्राला निदान पाकीट फोडायचे कष्ट पडतात. शिवाय इथली फोनची तार जंगलाची हवा मोजणाऱ्या टॉवरची आकडेवारी बाहेर पाठवण्यातच दमून जाते, हे मी तुला काय सांगायचं. वळणावरच्या घरातला लायल रस्ता साफ करायला येतो, तो टपाल घेऊन जाईन म्हणाला.

तू प्लेनोला पोचलास हे मला तुझ्याकडून नाही, मशीनकडून कळलं. शेडमधल्या कॉम्प्युटरवर बाहेरून कोण डोकावून गेलं ते दिसतं, त्यात रोज दुपारी तुझं लॉगिन असतं. जेवणाच्या सुट्टीत. म्हणजे नोकरी सॉफ्टवेअरची, समोर डबा, आणि डोळे आमच्या जंगलाच्या आलेखावर! बायकोशी बोलायचं नाही, पण तिच्या पाइनच्या झाडांनी किती कार्बन डायऑक्साइड ओढला ते मात्र बघायचं. बघ बापडा. तुझं नाव दिसलं की मला बरं वाटतं. हे लिहिणार नव्हते, पण गेलं लिहून.

भांडण उगाळत नाही. ग्रँट कापली गेली, दोन जागांची एक झाली, तू म्हणालास दोघंही निघू. मी म्हटलं, इतक्या वर्षांची सलग नोंद आहे, आणि नेमके आता पलीकडच्या डोंगरावरचे पाइन पोखरणारे भुंगेरे इकडे सरकतायत. झाडं मरायला लागल्यावर जंगलाचं काय होतं हे मोजायची वेळ आली आणि आपण गाशा गुंडाळायचा? त्यावर तू म्हणालास, "ठीक आहे, राहा. पण मी आता खाली उभा राहणार नाही."

ते वाक्य अजून स्वयंपाकघरातच आहे. भांडी घासताना रोज भेटतं.

टॉवरवर एक चढणार, एक खाली उभा राहणार, आणि खालच्याने जागा सोडायची नाही. हा नियम तुझाच. तो मोडायला तूच निघालास याचा मला राग आला, चढण्याउतरण्याचा नाही. असो. आता तुझ्या जागी रीमा असते. तुला आठवते ना, नेपरव्हिलची, पीएचडीवाली? जन्म इथला, पण मला 'मावशी' म्हणते आणि पोह्यांवर केचप घालते.

तिला परवा श्वासाची गंमत दाखवली. टॉवरवर उंचीउंचीवर नळ्या आहेत, त्या हवा ओढून शेडमधल्या यंत्राला देतात, वरची नळी सतत आणि खालच्यांची पाळीपाळीने, झडपा टकटक करत, हे तिला माहीत होतं. पण माणसाच्या श्वासात जंगलाच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त कार्बन डायऑक्साइड असतो, त्यामुळे कोणी चढलं की वरच्या नळीच्या आलेखात सुळके उठतात, आणि शिडीच्या पायथ्याशी कोणी उभं असलं की खालच्या नळीत उठतात, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. "सो यू कॅन सी मी स्टँडिंग देअर? दॅट्स सो क्रीपी, मावशी," म्हणाली.

मग तिला तीन फुंकरांची गोष्ट सांगितली. पहिल्या हिवाळ्यात स्टेशन भरलेलं असायचं, खाली उभं राहायला दुसरं कोणीतरी होतं आणि तू शेडमध्ये पडद्यासमोर होतास. मी वर गारठले आणि गंमत म्हणून नळीत तीन फुंकरा मारल्या. उतरून येते तो तू चहा टाकलेला. "तीन सुळके दिसले, म्हटलं बाई निघाल्या." तेव्हापासून तीन फुंकरा म्हणजे चहा ठेव, मी येतेय.

रीमा म्हणाली, "काका वॉज सो रोमँटिक!" मी तिला भांडी घासायला लावली.

वीणा


मिटन क्रीक
१० डिसेंबर २००६

देवदत्त,

पत्राला उत्तर नाही, पण लॉगिन चुकलेलं नाही. तुझ्या हजेरीवर समाधान मानायचं ठरवलंय.

भुंगेरे आले. टॉवरच्या दक्षिणेच्या उतारावर पाइनच्या बुंध्यांवर राळेचे गुठळे दिसतायत, पॉपकॉर्न चिकटवल्यासारखे. बुडाशी लाकडाचा भुसा पडलाय. झाड राळ ओतून किड्याला बाहेर ढकलू बघतं, पण दुष्काळाने राळच कमी झालीय. झाडं अजून हिरवीगार दिसतात. बघणाऱ्याला वाटेल काही झालेलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात लाल होतील आणि मग सगळे म्हणतील, अरेरे. मला ते अरेरेच्या आधीचं हवंय. हे जंगल दर उन्हाळ्यात हवा आत घेतं, ते घेणं कधी थांबतं आणि उलट कधी सुरू होतं, ते. त्यासाठी वरची यंत्रं चालू राहायला हवीत. बाकी माझं काही मागणं नाही.

शुक्रवारी वर गेले. वारा मोजणाऱ्या यंत्रावर बर्फाची पुटं चढली होती, लाकडी हातोडीने हळूहळू काढली. वरून सगळी दरी दिसत होती. तुला आवडायची तशी हवा, कोरडी, टणक. रीमा खाली उभी होती. थंडीने तिचं नाक लालबुंद झालं होतं, आणि कानाला ते गाण्याचं यंत्र. मी दोनदा हाक मारली तेव्हा कुठे वर बघितलं. हल्लीच्या मुली! पण जागा सोडली नाही हो तिने.

तिचा तुला नमस्कार.

जेवतोस ना नीट? संजयकडे राहतोयस म्हणजे रोज बाहेरचंच असणार. तुझ्या मित्रांना भात लावता येत नाही.

वीणा


मिटन क्रीक
१४ जानेवारी २००७

देवदत्त,

आज संक्रांत. गोड बोलायचा दिवस आहे म्हणून पहिले दोन कागद फाडून टाकले. हा तिसरा.

तीन महिन्यांत तुझी पहिली ईमेल आली. 'कशी आहेस' नाही, काही नाही. "आठ डिसेंबर. वरच्या नळीत तू आहेस. खालची नळी पूर्ण वेळ स्वच्छ आहे. कोण उभं होतं?"

कोणी नव्हतं.

झालं समाधान? रीमा थँक्सगिव्हिंगला घरी गेली ती आलेलीच नाही. तिच्या बाबांची बायपास झाली. फोनवर रडत होती, "मावशी, आय अ‍ॅम सो सॉरी, पण बाबांना अशा वेळी सोडून मी कशी येऊ?" मी म्हटलं, येऊ नकोस, तिथेच थांब. दुसरं काय म्हणणार? लाल नाक, कानातलं गाणं, सगळं मी बसून रचलं. रचताना मजासुद्धा आली. आणि तू ते पत्र हातात धरून आलेख उघडलास, तारीख जुळवलीस! नवरा आहेस की पोलीस?

मला इतका संताप आलाय की लेखणी कागदात रुतते आहे. 'खाली उभा राहणार नाही' म्हणालास ना? मग कोण उभं आहे हे विचारायचा हक्क तू दार आपटून गेलास तेव्हाच संपला. तुला ते हवं होतं तर इथे उभं राहायचं होतंस, बुटात वर्तमानपत्र कोंबून, शिव्या देत, जसा सहा हिवाळे राहिलास.

(जेवून परत लिहायला बसले.)

घाबरले होते, देवदत्त. हे खरं. एकटं चढणं म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक आहे. हार्नेसचे दोन हूक, एक काढायचा तर दुसरा लावलेलाच असायला हवा, हे सगळं पाठ आहे. पण खाली कोणी नसलं की चढताना आपण खाली बघत नाही. मी पूर्ण वेळ खाली बघितलं नाही.

पुन्हा एकटी चढणार नाही. लायलशी बोलते. गुडघा धरलाय त्याचा, पण उभं राहायला काय लागतं.

तिळगूळ पाठवत नाहीये. तीळ मिळाले, गूळ नाही.

वीणा


मिटन क्रीक
२५ फेब्रुवारी २००७

देवदत्त,

लायलने तुझी जागा झकास सांभाळलीय. तंबाखूची चिमूट गालात धरून उभा असतो, मधूनच एक पाय झटकतो, आणि मी उतरले की "यू डन, मॅम?" असं विचारतो, जणू मी बाथरूममधून येतेय. परवा स्वतःचा थर्मासही घेऊन आला. कॉफी म्हणे. चव घेतली, नुसतं काळं गरम पाणी.

खालची नळी तू बघतोसच, तेव्हा तुला वेगळं सांगायला नको. बर्फ इतका साचलाय की ती आता कमरेशी आलीय.

तुझी ईमेल मिळाली. "बरं झालं." दोनच शब्द, पण तुझ्या मानाने निबंधच. वाचून मला जेवढं बरं वाटायला हवं होतं तेवढं वाटलं नाही. का ते विचारू नकोस.

काळजीची गोष्ट वेगळीच आहे. गेल्या वादळात टॉवरच्या माथ्यावरचा आडवा दांडा सैल झाला. वाऱ्याचं यंत्र त्यालाच आहे. वाऱ्याच्या प्रत्येक झोताला तो डुलतो आणि आलेख वेड्यासारखा नाचतो. पुढच्या आठवड्यात मोठं वादळ येतंय. दांडा तुटला तर बर्फ वितळेपर्यंत काही बसवता येणार नाही, आणि जंगल जागं व्हायच्या वेळेलाच आपण आंधळे. भुंगेऱ्यांनंतरचा पहिलाच वसंत आहे, देवदत्त. पहिला वसंत पुन्हा येत नाही.

वादळाआधी एकदा वर जाऊन तो दांडा आवळून येते. अर्ध्या तासाचं काम. काळजी करू नकोस. खाली माणूस आहे.

वीणा


डेन्व्हर, हॉस्पिटल
९ मार्च २००७

देवदत्त,

हे डाव्या हाताने लिहितेय, अक्षराला हसू नकोस. नर्सला वाटतं मी चित्र काढतेय.

तू काल गेलास. दोन दिवस समोर खुर्चीत होतास, संत्री सोलून देत होतास, आणि मी मुकाट्याने खात होते. ओरडशील म्हणून जीव मुठीत धरून बसले होते. तू ओरडलाच नाहीस. त्याचंच मला जास्त भय वाटलं. जाताना एवढंच म्हणालास, "सकाळची फ्लाइट आहे." दाराशी वळून एक वाक्य बोललास, त्याच्याकडे येतेच. तोंडाने सांगायला जमलं नाही ते सगळं आता सांगते.

लायल एकदाही खाली उभा राहिला नाही. थर्मास, तंबाखू, सगळं खोटं. त्याला विचारलं असतं तर तो लंगडत का होईना आला असता. मी विचारलंच नाही. का ते इथे पडल्यापडल्या शोधलं. रीमा शिकाऊ होती, ती उभी राहिली तरी ती जागा तुझीच राहायची. पण लायलला बोलावून, रीतसर, तुझ्या जागेवर उभं केलं की तू गेलास हे पक्कं झालं असतं. मला ते पक्कं करायचं नव्हतं. त्यापेक्षा जागा रिकामी बरी वाटली. मूर्खपणा आहे, कळतंय.

आणि तू तर पहारा ठेवलेला. म्हणून मी काय केलं, तर चढण्याआधी शिडीपाशी उभी राहिले, शेडमधून झडपेचा टक आवाज आला, खालच्या नळीची पाळी सुरू झाली, आणि मी त्या नळीत मस्त श्वास सोडत बसले. लायलचे श्वास. मग पाळी संपली तशी वर निघाले. फेब्रुवारीत दोनदा असंच केलं आणि तुझी 'बरं झालं' आली. सात वर्षं हवा मोजणाऱ्या बाईने हवेतच खोटं लिहिलं.

सोमवारीही तसंच केलं. दुपार व्हायची होती, वादळ यायला अवकाश होता असं मला वाटत होतं. दांडा आवळून झाला होता. शेवटचा नट. वळले आणि टॉवरच्या लोखंडी जाळीवरच्या बर्फावरून पाय घसरला. हार्नेसने धरलं, पण त्याआधी उजवा हात शिडीत अडकून मनगट मोडलं, आणि पाय दोन पायऱ्यांमध्ये असा अडकला की धड वर नाही, धड खाली नाही. वॉकीटॉकी खाली बर्फात पडली. तिचा आवाज येत होता, खरखर, खरखर. लटकत्या माणसाला हार्नेस फार वेळ जगू देत नाही, मांड्यांचं रक्त अडतं, हे तूच सगळ्यांना शिकवायचास.

ओरडले. कोणाला? झाडांना.

वरची नळी गालापाशीच होती. प्लेनो आमच्यापेक्षा एक तास पुढे. मनाशी म्हटलं, डबा उघडायची वेळ झाली असेल, नाहीतर होत असेल. आणि मी फुंकर मारली. एक, दोन, तीन. थांबले. परत तीन. आपल्याकडे दुसरी खूणच नव्हती! संकटाची खूण कधी ठरवलीच नाही, चहाची तेवढी ठरवली.

मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तू बघशील तर काय बघशील? खालच्या नळीत लायल. वर मी. आणि मी म्हणतेय, चहा ठेव. तू हसशील. पाच महिन्यांनी बायकोने गंमत केली म्हणून तू तिथे बसून हसशील, डबा संपवशील आणि मीटिंगला जाशील. आणि हे सगळं मीच जुळवून आणलेलं होतं, त्या तळच्या दहा-पंधरा श्वासांनी.

तरी फुंकत राहिले. वारा वाढला तसा फुंकर नळीत शिरेना, म्हणून तोंड चिकटवून फुंकली. ओठांची सालटी गेली ती त्याने. तुझं नाव घेत होते की शिव्या देत होते, आठवत नाही. दोन्ही असेल.

पुढचं मला लायलने सांगितलं, बर्फावरच्या स्कूटरमागे बांधून खाली आणताना. तो स्वयंपाकघरात सूप पीत होता. फोन वाजला. "युवर हजबंड आस्क्स, व्हेअर आर यू? आय से, इन माय किचन. ही सेज समथिंग इन युवर लँग्वेज. देन ही सेज, गो." तू काय म्हणालास ते लायलला उच्चारता येत नाही, पण मला अंदाज आहे. तो शब्द तू एरवी फक्त गाडी चालवताना वापरतोस.

आणि मला कळेना की तुला कळलं कसं. दोन दिवस विचारायचं धैर्य झालं नाही. तूच दाराशी वळून म्हणालास, "वीणा, उभा राहिलेला माणूस एकाच पाळीला श्वास घेत नाही."

तू गेल्यावर मी भिंतीकडे तोंड करून खूप रडले. तुला फसवलं म्हणून नाही. तू त्या दिवशी प्रत्येक पाळी बघत होतास म्हणून. सगळ्या. एकेक.

वीणा


मिटन क्रीक
७ मे २००७

प्रिय देवदत्त,

दोन महिने डेन्व्हरला हॉस्पिटलच्या व्यायामशाळेत एका हाताने रबरी चेंडू दाबत काढले. परवा लायलने आणून सोडलं. रीमाही परत आलीय, तिचे बाबा आता बागेत फेऱ्या मारतात. तुला पत्र लिहिलं नाही, कारण हॉस्पिटलमधून लिहिलेल्या पत्राला तुझं काहीच आलं नाही. म्हटलं, संपलं असेल. लॉगिन बघायला तिथे सोय नव्हती.

जंगल बघून ये, असं मी मनाला म्हटलं. दक्षिणेचा उतार अजून हिरवा आहे, पण जवळ जाऊन फांदी वाकवली की टोकं गंजल्यासारखी लालसर. उन्हाळ्यात कळेल सगळ्यांना. आणि वरचा दांडा? तुटला. ज्याच्यासाठी मी लोंबकळले तो त्याच वादळात, त्याच रात्री तुटला, यंत्रासकट. मार्चपासून वाऱ्याचा आलेख कोरा. सात वर्षांच्या नोंदीला भगदाड पडलं ते पडलंच. मला वाटलं होतं, हे बघून मी कोसळेन. काही झालं नाही. चहा करून घेतला.

नळ्या मात्र चालू होत्या. आज सकाळी रीमा आणि मी मार्चपासूनची आकडेवारी काढून बसलो. चाळता चाळता रीमा म्हणाली, "मावशी, हू इज धिस?"

आठ मार्च. तू हॉस्पिटलमधून निघालास तो दिवस. 'सकाळची फ्लाइट आहे' म्हणालास तो. वर कोणी नाही. वरच्या नळ्या सगळ्या स्वच्छ. आणि खालच्या नळीत माणूस. एका पाळीला नाही. दुपारपासून पुढे प्रत्येक पाळीला, संथ, एकसारखा, कोणीतरी शिडीच्या पायथ्याशी उभं.

पहिल्यांदा लायल वाटला. त्याला फोन केला. तो म्हणाला, "ही टोल्ड मी नॉट टू टेल यू." तूच त्याला स्टेशनवर सोडायला सांगितलंस. त्याला वाटलं, माझे कपडे घ्यायचे असतील. तू म्हणालास, जा, घरी कॉफी पी, मग ये. तो परत आला तेव्हा तू टॉवरखाली होतास, खिशात हात, मान वर. वर बघण्यासारखं काही नव्हतं, म्हणाला लायल. मोडका दांडा तेवढा.

मी आलेख पुढे सरकवला. पाळ्या, पाळ्या, पाळ्या. आणि शेवटच्या पाळीत, झडप उघडल्याउघडल्या, मोजून मापून, तीन सुळके.

खालच्या नळीची पाळी नेमकी कधी येते हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार. ते वेळापत्रक तूच लिहिलंस.

रीमा म्हणाली, "दॅट्स द टी थिंग!" आणि रडायला लागली, वेडी पोरगी. मी नाही रडले. मला एकदम भीती वाटली. दोन महिने! तू आठ मार्चला सांगून गेलास की चहा ठेव, मी येतोय, आणि रोज दुपारी डबा समोर घेऊन बघत बसलास की बाईने वाचलं का. आणि बाई डेन्व्हरला चेंडू दाबत बसलेली, तुझ्या एका पत्राची वाट बघत! तुला कागदावर लिहायला काय झालं होतं रे? मी पाच पत्रं लिहिली. तू तीन फुंकरा लिहिल्यास, आणि त्याही अशा ठिकाणी, जिथे मी नव्हते.

शेडमधल्या यादीत तुझं लॉगिन आहे. मार्च, एप्रिल, परवा, काल रविवार असूनही. म्हणजे अजून बघतोयस.

वरचं नवं यंत्र शेडमध्ये खोक्यात पडलंय. ते मी चढवणार नाही, रीमालाही चढवू देणार नाही. तू ये. यायचं म्हणजे नोकरी सोडून ये असं नाही, ते आपण बसून बोलू, मग भांडू, मग पुन्हा बोलू. पण एकदा ये. तू चढ, मी खाली उभी राहते. मला एकदा खालून बघायचंय की आपलं माणूस वर असताना कसं वाटतं. इतकी वर्षं मी हे विचारलंच नव्हतं.

हे पत्र लायल उद्या नेईल आणि तुला पोचायला आठवडा जाईल. तेवढा वेळ आता माझ्याकडे नाही. तुझी जेवणाची सुट्टी सुरू होईलच. रीमाला शेगडीवर आधण ठेवायला सांगितलंय, आलं किसून घाल म्हटलं. मी नळीपाशी जातेय. झडप वाजली की तीन फुंकरा मारीन.

आणि मारून परत येणार नाही. पुढच्या पाळीलाही तिथेच असेन, त्याच्या पुढच्यालाही. बघ तू. उभी आहे मी.

तुझी,
वीणा